थेंब नेमका कुठून येतो, हे आधी पाहावे

वाचकाचे पत्र: माझी मोटार 11 वर्षांची आहे. गेल्या दोन महिन्यांपासून कूलंटच्या टाकीतील पातळी दर आठवड्याला बोटभर खाली जाते. गाडीखाली जमिनीवर ओल दिसत नाही. मात्र रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात, जाळी आणि काळी प्लॅस्टिकची टाकी जिथे जोडली जातात त्याच्या आसपास, हिरवट पांढरा थर साचला आहे. तापमानाचा काटा नेहमीच्या जागी असतो. मेकॅनिक रेडिएटरच बदला म्हणतात, शेजारी गळती बंद करणारे द्रव ओतायला सांगतात आणि माझ्या मेहुण्यांचे म्हणणे असे की इपॉक्सीचा लेप दिला की काम होईल. कोणाचे ऐकावे? तीन आठवड्यांनी आम्हाला लांबच्या प्रवासाला निघायचे आहे.

उत्तर:

आपल्याला मिळालेले तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर ठरू शकतात, आणि म्हणूनच आपला गोंधळ उडणे साहजिक आहे. अडचण एवढीच की तिघांपैकी कोणीही गळतीची जागा नक्की केल्याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. रेडिएटरची दुरुस्ती दोन गोष्टींवर ठरते: भोक नेमके कुठे आहे आणि ती जागा कोणत्या धातूची किंवा प्लॅस्टिकची आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे हाती येण्याआधी कोणताही उपाय निवडणे म्हणजे वेळ आणि कूलंट दोन्ही वाया घालवणे होय.

त्याआधी गळती 'बारीक' आहे या समजुतीबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. बारीक असते ते भोक. त्यामुळे होणारे नुकसान बारीकच राहील याची खात्री नसते. पाणी उघड्या भांड्यात 100 अंश सेल्सिअसला उकळते. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकोल असे मिश्रण, म्हणजेच इंजिन थंड ठेवणारे नेहमीचे कूलंट, साधारण 107 अंशांना उकळते, आणि रेडिएटरचे झाकण आत सुमारे 1 बार, म्हणजे जवळपास वातावरणाच्या दाबाएवढा, जादा दाब धरून ठेवत असल्यामुळे हाच उकळबिंदू 125 अंशांच्याही पुढे जातो. इंजिन नेहमीच्या कामात 90 ते 105 अंशांच्या दरम्यान चालते, म्हणजे दाब शाबूत असेल तर हाताशी चांगली सवड राहते. गळतीमुळे दाब टिकेनासा झाला की ही सवड आक्रसते आणि चढावर किंवा वाहतुकीच्या कोंडीत कूलंट उकळू लागते. ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, एकदा तापून वाकले आणि त्याखालचे सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेले की मग इंजिन खोलण्यावाचून मार्ग उरत नाही.

काटा जागेवर आहे यावरही फार विसंबू नये. अनेक गाड्यांमध्ये तो मुद्दाम असा बसवलेला असतो की तापमान पंधरा-वीस अंश वरखाली झाले तरी मधोमधच राहावा. शिवाय तापमानाचा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तोवरच खरे सांगतो. पातळी त्याच्याखाली गेली आणि तो वाफेत किंवा हवेत लोंबकळू लागला, की इंजिन भाजत असतानाही काटा नेहमीसारखा किंवा त्याहून खाली दिसू शकतो. त्यामुळे सध्या तरी टाकीतील पातळी हाच आपला खरा मापक समजावा.

आता तपासणीकडे वळू. सर्व काम इंजिन पूर्ण थंड असताना करावे, म्हणजे गाडी बंद करून किमान दोन-तीन तास झालेले असावेत, शक्यतो सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करण्याआधी. गरम रेडिएटरचे झाकण उघडले की दाब एकदम उतरतो, आतील 100 अंशांच्या वरचे द्रव त्याच क्षणी वाफ होऊन उसळते आणि हात, चेहरा, डोळे भाजतात. तरुणपणी एकदा मी 'बराच वेळ झाला आहे' अशा अंदाजाने झाकण फिरवले होते. मनगटावरचा तो डाग अजून आहे, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहितो आहे. झाकणाखालचा वरचा होज पाईप हाताने दाबून पाहावा; तो कडक आणि गरम लागला तर थांबावे. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, तेव्हा त्याच्याजवळ हात घालण्यापूर्वी त्याचे कनेक्शन काढून ठेवावे. आणि इथिलीन ग्लायकोल चवीला गोड पण अत्यंत विषारी असल्याने सांडलेले द्रव मुले आणि पाळीव प्राणी यांच्यापासून लगेच दूर करावे.

आपण वर्णन केलेला हिरवट पांढरा थर म्हणजे झिरपून वाळलेल्या कूलंटची खूण होय. जमिनीवर ओल न दिसण्याचे कारणही त्यातच आहे: थोडेसे झिरपलेले द्रव गरम जाळीवरच सुकते आणि मागे फक्त हा थर राहतो. मात्र द्रव खाली ओघळते, त्यामुळे थर जिथे सर्वांत जाड तिथेच भोक असेल असे नाही. तो थर कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन काढावा, जागा कोरडी करावी, गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरावा आणि इंजिन पंखा सुरू होईपर्यंत चालवून विजेरीच्या तिरप्या उजेडात पाहावे. ओल पहिल्यांदा जिथे चमकते आणि जिच्या वर सगळे कोरडे असते, ती जागा खडूने खुणावून ठेवावी.

यापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे दाबचाचणी. झाकणाच्या जागी बसणारा एक हातपंप असतो, त्यावर दाबमापक असतो. थंड इंजिनावर तो लावून झाकणावर छापलेल्या आकड्याएवढा दाब भरायचा आणि पंधरा मिनिटे काटा पाहत राहायचा. काटा खाली सरकला तर गळती आहे, आणि इंजिन बंद व थंड असल्यामुळे ती शांतपणे शोधता येते. छापील आकड्यापेक्षा जास्त दाब कधीही भरू नये, कारण धडधाकट जोडही त्याने उसवू शकतात. हा पंप बहुतेक गॅरेजमध्ये असतो, आणि आपल्या मेकॅनिककडे रेडिएटर बदलण्याच्या निर्णयाआधी हीच चाचणी आपल्यासमोर करण्याचा आग्रह धरणे आपल्या हिताचे आहे.

चाचणी सुरू असताना केवळ रेडिएटरच पाहू नये. होज पाईपचे क्लॅम्प सैल झालेले असतात, खालच्या ड्रेन प्लगची रबरी रिंग कडक झालेली असते, आणि वॉटर पंपाच्या पोटाशी एक लहानसे भोक मुद्दाम ठेवलेले असते, त्यातून ओघळ दिसला तर पंपाचे सील संपले असे समजावे. गाडीच्या आत गोडसर वास येत असेल, काचेवर तेलकट धुके धरत असेल किंवा पायाखालचे जाजम ओले होत असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळत असतो. याउलट एसी चालवल्यावर गाडीखाली पडणारे रंगहीन, वासहीन पाणी हा दोष नव्हे. झाकणाचीही तपासणी करावी: त्याचे रबर चिरले असेल किंवा स्प्रिंग दमली असेल तर दाब तिथूनच निसटतो आणि दोष मात्र रेडिएटरवर येतो. बाहेर कुठेच ओल नाही, तरी पातळी उतरते आहे, सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतो आहे किंवा इंजिन ऑइल दुधाळ दिसते आहे, असे असेल तर तो हेड गॅस्केटचा प्रश्न आहे आणि रेडिएटरवर केलेल्या कोणत्याही उपायाने तो सुटणार नाही.

आता समजा गळती रेडिएटरचीच निघाली. मग तो कशाचा बनला आहे ते पाहावे. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत आणि त्यांना डाख देता येई. रंग खरवडून, जागा घासून, फ्लक्स (डाख धरायला मदत करणारा पदार्थ) लावून, मोजक्या उष्णतेवर जाणकार हाताने दिलेला डाख वर्षानुवर्षे टिकतो. फक्त उष्णता जास्त झाली तर शेजारचे जोड सुटतात, म्हणून ते काम सरावाचे आहे. आपली गाडी 11 वर्षांची आहे आणि आपणच काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीचा उल्लेख केला आहे, त्याअर्थी आपला रेडिएटर ॲल्युमिनियमची जाळी आणि नायलॉन जातीच्या प्लॅस्टिकच्या टाक्या असा असणार. ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, त्यामुळे नेहमीचा डाख त्याला पकडत नाही. कारखान्यात हे जोड 600 अंशांच्या आसपास भट्टीत झाळलेले असतात. घरी टॉर्चने तसा प्रयत्न केल्यास पातळ नळी वितळते आणि शेजारची प्लॅस्टिकची टाकीही भाजते.

मेहुण्यांचा इपॉक्सीचा सल्ला इथे विचारात घेण्याजोगा ठरतो, पण एकाच परिस्थितीत: भोक ॲल्युमिनियमच्या नळीला असेल, टाचणीच्या टोकाएवढे असेल आणि तिथपर्यंत हात पोहोचत असेल तर. अशी भोके बहुधा उडालेल्या खड्याने किंवा गंजाने पडतात. हे काम घाईने केले तर आठवड्याभरात सुटते आणि नीट केले तर बराच काळ टिकते, म्हणून त्याची रीत सविस्तर सांगतो.

कूलंट गळतीच्या पातळीखाली येईपर्यंत स्वच्छ भांड्यात काढून घ्यावे. जमत असेल तर रेडिएटर बाहेर काढून टेबलावर ठेवणे सर्वांत चांगले. भोकाभोवतीच्या नागमोडी पत्र्या बारीक टोकाच्या पक्कडीने बोटभर रुंदीत हलकेच काढाव्यात. त्या पत्र्या नळीला जोडलेल्या असतात आणि नळीची भिंत एका मिलिमीटरहूनही पातळ असते, तेव्हा त्या ओढू नयेत, थोड्या थोड्या मोडून घ्याव्यात. ओढल्यास भोक मोठे होते. उघडी झालेली नळी 80 ते 120 नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावी, मग ॲसिटोनने पुसावी आणि त्यानंतर तिथे बोट लावू नये, कारण बोटाचा तेलकटपणाही पकड कमी करतो. घासणे आणि लेप देणे यांत फार वेळ जाऊ देऊ नये, नाहीतर ऑक्साइडचा पापुद्रा पुन्हा जाड होत जातो. भोकातून आतली ओल डोकावत असेल तर लेप कधीच धरणार नाही, म्हणून रेडिएटर आतून पुरता निथळू द्यावा आणि झाकण उघडे ठेवावे, म्हणजे आत हवा फुगून लेप ढकलणार नाही.

इपॉक्सी धातुमिश्रित, दोन घटकांचे आणि किमान 150 अंश सहन करणारे असावे. पाच मिनिटांत घट्ट होणारे प्रकार मोहात पाडतात, पण ते गरम झाल्यावर बहुधा मऊ पडतात. हळू सुकणारेच घ्यावे. पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात दोन्ही घटक रंग एकसारखा होईपर्यंत मळावेत. पहिला हात अगदी पातळ द्यावा आणि तो धातूवर दाबून चोळावा, जेणेकरून घासलेल्या चरांत लेप शिरेल. त्यावर दुसरा जाडसर थर भोकाच्या सर्व बाजूंनी किमान एक सेंटिमीटर पसरेल असा द्यावा. त्यानंतर पूर्ण 24 तास, आणि हवा गार असेल तर त्याहून अधिक, त्याला कोणीही हात लावू नये. वरून कडक लागणारा लेप आतून कच्चा असतो. बहुतेक फसलेल्या दुरुस्त्या मी याच एका कारणाने फसलेल्या पाहिल्या आहेत.

परंतु आपल्या वर्णनावरून माझा कल असा आहे की गळती नळीची नसून जाळी आणि टाकी यांच्या जोडाची असावी. तिथे प्लॅस्टिकच्या टाकीच्या काठावर ॲल्युमिनियमचे दाते वळवून दाबलेले असतात आणि मध्ये रबरी गॅस्केट असते. वर्षानुवर्षांच्या ताप-गारव्याने हे रबर कडक होते, आणि अशी गळती पुष्कळदा थंड इंजिनावर अधिक व तापल्यावर कमी होते, कारण रबर आणि प्लॅस्टिक फुगून फट बुजते. ही खूण आपण स्वतः पडताळून पाहू शकता. एखादा दाता उघडलेला दिसला तर तो जाड पक्कडीने सावकाश दाबून पाहायला हरकत नाही, पण त्या पलीकडे बाहेरून लावलेला लेप या जोडावर मला भरवशाचा वाटत नाही: ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, दर वेळी गाडी तापली की त्यांच्यात किंचित सरक होते आणि कडक इपॉक्सी तिथे तडकते. टाकीलाच चीर गेली असेल तर तीच गोष्ट, किंबहुना अधिक गंभीर, कारण इतक्या वर्षांनी ते प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते आणि एक चीर बुजवली तरी दुसरी शेजारीच उघडते. अशा वेळी आपल्या मेकॅनिकचा सल्ला योग्य आहे, जरी त्यांनी तो कारण न सांगता दिला असला तरी.

शेजाऱ्यांनी सुचवलेल्या द्रवात बारीक कण, तंतू किंवा सोडियम सिलिकेट असते. कूलंट फटीतून बाहेर पडू लागले की ते तिथे अडकून बूच तयार करते. ते काम करते हे नाकारता येत नाही. मात्र भोक कोणते आणि अरुंद नळी कोणती, हा फरक त्याला कळत नाही. माझ्या आधीच्या गाडीत मी असे द्रव ओतले तेव्हा गळती थांबली, पण पुढच्या थंडीत हीटर गरम हवा देईना; तो खोलल्यावर त्याच्या बारीक नळ्या राखाडी गाळाने भरलेल्या निघाल्या. त्यामुळे वस्तीपासून दूर अडकल्यावर, घरी पोहोचण्यापुरते, डब्यावरील मात्रेपेक्षा थेंबभरही जास्त न घालता ते वापरावे आणि नंतर सर्व कूलंट बदलून यंत्रणा धुऊन घ्यावी. अंड्याचा पांढरा बलक ओतण्याचा जुना उपाय तर मुळीच करू नये. तो आत शिजतो, कुजतो आणि थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेला, चिकटतो. आणखी एक महत्त्वाचे: गाडी ऑटोमॅटिक असेल तर काही मॉडेलमध्ये गिअरचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. कूलंटमध्ये तेलकट गुलाबी साय दिसली तर तो रेडिएटर दुरुस्त न करता लगेच बदलावा आणि गाडी चालवू नये.

दुरुस्ती असो वा नवा रेडिएटर, शेवटचे काम भरणीचे असते आणि तेच अनेकदा उरकले जाते. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच कूलंट घ्यावे. रंगावरून जात ठरवू नये, कारण हिरवा, लाल, निळा यांचा सर्व कंपन्यांना लागू असा नियम नाही, आणि भिन्न जाती मिसळल्यास त्यांतील गंजरोधक घटक निकामी होऊ शकतात. कूलंट तयार मिश्रण नसेल तर निम्मे डिमिनरलाइज्ड किंवा डिस्टिल्ड पाणी घालावे. नळाच्या पाण्यातील क्षारांचा थर नळ्यांमध्ये बसतो. भरताना हीटर सर्वांत गरम बाजूला ठेवावा, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो उघडावा आणि हळूहळू ओतावे. इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे दोन्ही होज पाईप गरम लागेपर्यंत आणि पंखा एक-दोनदा फिरून थांबेपर्यंत, वाट पाहावी. नंतर गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि पातळी पुन्हा पाहावी. आत अडकलेली हवा निघाली की ती हमखास थोडी उतरलेली असते. काढलेले जुने कूलंट गटारात किंवा मातीत ओतू नये, झाकणबंद डब्यात भरून ते गॅरेजकडे सोपवावे.

आपल्यापुरते सांगायचे तर याच आठवड्यात दाबचाचणी करून घ्यावी. झाकण, क्लॅम्प किंवा ड्रेन प्लगची रिंग एवढाच दोष निघाला तर तो भाग बदलून प्रश्न मिटेल. नळीला टाचणीएवढे भोक असेल तर वरील रीतीने इपॉक्सी लावावी, पण ते काम निदान दहा दिवस आधी व्हावे, म्हणजे जवळच्या फेऱ्यांत त्याची परीक्षा होईल. जोड किंवा टाकी गळत असेल तर त्या रेडिएटरवर लांबचा प्रवास करू नये. बदलून मगच निघावे. तोपर्यंत टाकीवर पेनाने आजच्या पातळीची रेघ मारून दररोज सकाळी थंड इंजिनावर ती तपासावी आणि तारखेसह लिहून ठेवावी.

वाटेत काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, कारण तोही इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो, आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी उभी करून इंजिन बंद करावे. झाकणाला अर्धा-पाऊण तास तरी हात लावू नये आणि त्यानंतरही होज पाईप गार व मऊ लागला तरच जाड कापड धरून ते टप्प्याटप्प्याने फिरवावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, धातू तडकू शकतो. सोबत दोन लिटर तयार कूलंट ठेवावे, आणि ते दुसऱ्यांदा भरण्याची वेळ आली तर पुढे न जाता गाडी ओढून नेण्याची व्यवस्था करावी.